बावन्न वर्षांची म्हैस

आयुष्यभर ज्या जागेकडे नाथूला स्वतःला कधी बघता आलं नव्हतं, नेमकं तिथेच केसतूड आलं. रविवारी ते वाटाण्याएवढं होतं, सोमवारी बोराएवढं, मंगळवारी लिंबाएवढं, आणि गुरुवारी गौतमीचं लग्न. कन्यादानाला बापानं पाटावर बसायचं, ही रीत ज्यानं घातली त्याला उभ्या जन्मात केसतूड झालं नसणार, असं नाथूचं मत झालं.

"उभ्यानं नाय का चालत गो?" त्यानं बायकोला, बयाबाईला विचारलं.

"नाय. पन काळजी नको. श्रीपत भावजी हायत ना! नवं धोतरसुदीक आनलंय त्यांनी."

धाकट्या भावाचं नाव ऐकून नाथूचं केसतूड ठणकलं. पोरगी आपली आणि पाटावर श्रीपत?

बयाबाईनं भाजलेल्या कांद्याचं पोटीस बांधलं. कांदा केसतुडाच्या अंगी लागला. ते गुबगुबीत झालं.

पोलादपुरात डॉक्टर अनुपमा होत्या. पण त्यांच्याकडे नाथूचा रोजचा दुधाचा रतीब, आणि त्या त्याला मामा म्हणत. मामानं भाचीला काय दाखवावं याला काही मर्यादा असते. महाडला जावं तर एसटीत बसावं लागणार. राहता राहिले गुरांचे डॉक्टर चिंतामणी. वाडीतलं एकही जनावर वीस वर्षांत त्यांच्या हातून दगावलं नव्हतं. माणसांच्या डॉक्टरबद्दल असं कोण छातीठोक सांगेल?

नाथू डोंगर उतरून त्यांच्या दारात उभा राहिला.

"म्हशीला केसतूड झालंय, साहेब. मागच्या अंगाला."

"बसते का?"

"बसत नाय. तीच तर पंचाईत."

"चारा?"

"कसला चारा! कालपासून दीड भाकरी आनि चहा."

चिंतामणींनी मान वर केली नाही. "साखरेचा?"

"गुळाचा."

"रवंथ करते?"

नाथू जरा अडखळला. "तंबाकूची करते."

"ताप?"

"राती कणकण होती. दोन गोधड्या घेतल्या."

"वय?"

"बावन्न."

"हं. जंतूंमुळे पू झालाय," असं म्हणत चिंतामणींनी सायकलच्या पंपाएवढी सिरिंज बाहेर काढली. "चारशे किलोच्या हिशेबानं औषध भरतो. म्हैस कुठंय?"

नाथू दोन पावलं मागे सरला. "घरी."

"मग घरी येतो."

"नको, नको! लाजते ती."

"म्हैस?"

"म्हंजे... परवा लगीन हाय."

"म्हशीचं?"

"पोरीचं! म्हशीला पाटावर बसायचंय."

आपण काय बोललो ते नाथूला कळेपर्यंत चिंतामणींनी फोन लावलाही होता. "अनुपमा, एक म्हैस पाठवतोय. हो, तुझ्याकडेच. बाकावर बसवू नकोस, उभीच राहू दे."

अनुपमाताईंनी पडदा ओढला, नाथूला पालथं निजवलं आणि दुधाच्या किटलीकडे बघावं तितक्याच सहजपणे बघितलं.

"मामा, पिळलंत का?"

"नाय." जरा वेळानं, "थोडं."

"पिळायचं नसतं. आत पसरतं."

चीर देताना नाथूनं आधी लाजेनं डोळे मिटले, मग दुखलं म्हणून आणि शेवटी हलकं वाटलं म्हणून. पट्टी झाली, गोळ्या मिळाल्या. बरं वाटलं तरी सगळ्या संपवायच्या, असा दमही मिळाला.

गुरुवारी नाथू पाटावर बसला. थोडं टोचत होतं, पण बसला. नवं धोतर नेसलेला श्रीपत शेवटपर्यंत आशेनं जवळपास घुटमळत होता. गौतमीचा हात हातात घेऊन नाथूनं पाणी सोडलं. विधी आटोपला. भटजी म्हणाले, "आता उठा, यजमान."

यजमान जागचे हलले नाहीत. डोळ्यांतून मात्र पाणी वाहत होतं.

गौतमी वाकून कुजबुजली, "आबा, रडतोस काय?"

"नाय गो," नाथू म्हणाला. "बसलोय."