धाब्यावरची गंधकाची धुरी

हैदर शुराबच्या कोळसा खाणीत होता. खाण बंद पडली, तो इस्फाराला घरी आला आणि काही वर्षांनी त्याची फुप्फुसं थकली. आता नाकाला नळी लावून तो खिडकीपाशी बसलेला असतो. नळीच्या दुसऱ्या टोकाला हवेतून प्राणवायू वेगळा काढणारं यंत्र आहे. ते विजेवर चालतं, आणि आमच्याकडे वीज दुपारी जाते ती तिच्या मर्जीने परत येते. म्हणून रशियात कामाला असलेल्या मुलाने घराच्या सपाट धाब्यावर सौर पॅनेल बसवून घेतले. बॅटरी आणि इन्व्हर्टर खाली पडवीत आहेत.

जर्दाळूंचा हंगाम ऐन भरात असताना ती बॅटरी पुरती भरेना. तारा बसवणारा नुसरत शहरातून आला, धाब्यावर गेला, करपलेला एक जोड बदलला आणि ऊन फार आहे म्हणाला. थोडे दिवस बरे गेले. मग एका सकाळी, आदल्या दुपारी गेलेली वीज अजून आलेली नसताना, यंत्राने शिट्टी मारली आणि ते बंद पडलं.

सून मेहरंगेझने घरात राखून ठेवलेला सिलिंडर जोडला. हैदरची बायको खोसियत तोवर शिडी चढून धाब्यावर पोचली होती. मेहरंगेझने नुसरतला फोन लावला आणि अंगणात येऊन तो वर धरला. सासूला ती ओया, म्हणजे आई, म्हणते.

"ओया, तो विचारतोय तुम्ही काय करताय!"

"तोच जोड गरम लागतोय. उपटते नि परत बसवते. रेडिओचं असंच करायचो आम्ही."

नुसरत खोसियतला खोला, म्हणजे मावशी, म्हणतो. फोनमधून तो इतका ओरडला की भिंतीपलीकडच्यांनीही ऐकलं. "खोला, हात काढा! चालू करंट आहे, उपटलात तर तोंडावर जाळ येईल! खाली उतरा आधी!"

खोसियत उतरली, पण बोलायची थांबली नाही. "माझ्या घरात मलाच दटावतोय."

नुसरत आला. पडवीत जाऊन त्याने आधी इन्व्हर्टर बंद केला, मग पॅनेलकडून येणाऱ्या तारेचा खटका पाडला. तेवढ्यावर त्याचं भागलं नाही. त्याने घरातल्या जाड गोधड्या मागवल्या आणि वर नेऊन पॅनेलवर पसरल्या.

"थंडी वाजते का रे त्यांना?" खोसियत म्हणाली.

"खटका पाडला तरी ऊन आहे तोवर इथपासून खटक्यापर्यंतची तार जिवंतच असते, खोला. सूर्याला खटका नाही."

त्याने मीटर लावून पाहिलं, हातमोजे चढवले आणि जोड सोडवला. तो मागच्या खेपेला त्यानेच बसवलेला होता. आतल्या धातूवर हिरवट पांढरी पापडी धरली होती आणि प्लास्टिक एका बाजूने वितळून बसलं होतं. शेजारचे जोडही त्याच वाटेवर होते. नुसरतने जोड नाकाशी नेला आणि मान वळवली. पॅनेलच्या कडेलाच लाकडी ताटांची उतरंड होती, तिच्यावर जाड प्लास्टिक ओढलेलं.

"हे काय? मागल्या वेळी मला वाटलं सरपण झाकलंय."

"जर्दाळू आहेत. धुरी चालू आहे."

"गंधकाची? इथे?"

"मग कुठे देऊ, तुझ्या डोक्यावर?"

"पॅनेल बसवले तेव्हा इथे काही नव्हतं."

"तेव्हा अंगणात देत होते. मागल्या उन्हाळ्यात ह्यांना असा खोकला लागला की डोळे पांढरे झाले. म्हणून वर आणलं सगळं. गुडघे धड नाहीत माझे, तरी ताटं डोक्यावर घेऊन चढते. धूर ह्यांच्यापर्यंत जाऊ नये एवढ्यासाठी."

नुसरतने हातमोजा काढला. "धूर त्यांच्यापर्यंत जातोच आहे, खोला. तारेतून जातोय. गंधकाचा धूर न् पहाटेचं दव, दोन्ही मिळून हे धातू खातायत. मी आज सगळे जोड बदलतो. धुरी चालू राहिली तर पुन्हा करपतील. तेव्हा मी वेळेवर पोचेन असं सांगत नाही. धाब्याला आगही लागेल."

"मळ्यात दिली तर?"

"मळ्यात द्या की."

मळा नदीपलीकडे आहे. धुरीपाशी माणूस लागतं, आणि सून कामावर गेली की हैदरपाशी खोसियतशिवाय कुणी नसतं. खोसियतचे जर्दाळू बाजारात मेणबत्तीच्या ज्योतीसारखे पिवळे म्हणून ओळखले जातात. तिच्या सासूच्या हातचेही तसेच असत. गंधकाशिवाय वाळवलेला जर्दाळू तांबडाकाळा पडतो, आणि असा माल आमच्याकडे आळशी बाईचा समजतात.

यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर ती हैदरजवळ जाऊन बसली आणि सगळं सांगितलं.

हैदरने ऐकून घेतलं. एका दमात त्याला फार बोलता येत नाही. "खाणीला जमलं नाही ते तुझ्या जर्दाळूंनी करून दाखवलं असतं."

"थट्टा सुचतेय तुम्हाला."

"मळ्यात जा तू. मी सिलिंडरवर राहीन."

"आणि तो संपला की?"

"तुला हाक मारीन."

"नदीपलीकडून? एका खोलीतून दुसऱ्या खोलीत ऐकू येत नाही तुमची हाक!" ती उठली आणि मेहरंगेझला म्हणाली, "चल, वरचं प्लास्टिक काढू लाग."

"ओया, जर्दाळू काळे पडतील."

"पडतील तर पडतील."

गंधकाची पिशवी तिने शेजारणीला देऊन टाकली. शेजारणीने घेताना विचारलं, "काय गं, हात थकले का तुझे?" खोसियत सरळ ताटांकडे परत आली. राहिलेला हंगाम तिने उघड्या उन्हात काढला. रोज ताटं फिरवली, मुंग्या वेचल्या, संध्याकाळी सगळं झाकलं. कष्ट आधीच्यापेक्षा जास्तच पडले.

हंगाम सरल्यावर नेहमीचा व्यापारी आला. त्याने मूठभर जर्दाळू उचलून उजेडात धरले, परत ठेवले, दुसऱ्या ताटातले उचलले.

"खोला, यंदा काय झालं हो ह्यांना?"

"त्यांना काही झालेलं नाही," खोसियत म्हणाली. "घ्यायचे तर घे."