हात्सुए आजीची पाठशेकणी

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि एक भिंत मनात उभी करा. घराची नव्हे, किल्ल्याची. तळाशी पाय फाकून बसल्यासारखी रुंद आणि वर जाता जाता ताठ होत गेलेली. तिच्यात चुन्याचा ठिपकाही नाही. दगडावर दगड, नुसते एकमेकांना टेकून बसलेले, आणि असे ते शेकडो वर्षं बसलेत. आता एका सकाळी जमीन हादरते आणि ती भिंत धाडकन खाली येते. धूळ खाली बसते. तुमच्यासमोर दगडांचा ढीग. तुम्हाला ती भिंत पुन्हा उभारायची आहे, पण जो दगड जिथे होता तो तिथेच बसला पाहिजे. त्याच्या उजवीकडे जुनाच शेजारी, डोक्यावर जुनंच ओझं. बोला, कुठून सुरुवात कराल? दगड तर काही सांगत नाही.

किरिहारा गावातल्या लोकांपुढे नेमका हाच प्रश्न होता. किल्ल्याच्या पायथ्याशी जुन्या काळी घोडे फिरवायचे ते मोठं मैदान होतं. तिथे आता पडझडीतले दगड ओळीने मांडून ठेवले होते, प्रत्येकावर पांढऱ्या रंगात आकडा. कोझुए रोज शाळेत जाताना कुंपणाच्या जाळीतून ते बघायची. भूकंप झाला तेव्हा ती तीन वर्षांची होती. आता ती दहा वर्षांची झाली होती, दगडांच्या मधून गवत वाढलं होतं, आणि तिला भिंत आठवतच नव्हती. किल्ला म्हणजे गवतात झोपलेले दगड, असंच तिला वाटायचं.

तिच्या आजोबांचं मात्र तसं नव्हतं. तोकुजी आजोबांनी आयुष्यभर गावात बस चालवली. त्या भिंतीला वळसा घालून जाणारा रस्ता त्यांच्या हातांना पाठ होता. अजूनही जेवताना बोलता बोलता त्यांचे हात हवेत डावीकडे वळायचे आणि कोझुएची आई म्हणायची, "बाबा, आमटीच्या वाटीला ब्रेक लावा!"

एक दिवस गावच्या फलकावर सूचना लागली. किल्ल्याच्या आग्नेय कोपऱ्याचे जुने फोटो कोणाकडे असतील तर आणून द्यावेत, दगडांच्या जागा ओळखायला मदत होईल. आजोबांनी ती उभ्याउभ्या वाचली, घरी आले आणि फळीवरून बिस्किटांचा पत्र्याचा डबा खाली काढला.

"कोझुए, इकडे ये. तुला तुझी भिंत दाखवतो."

डब्यात फोटोच फोटो होते, सगळे वसंतातले. दरवर्षी चेरी फुलली की घरातली झाडून सगळी माणसं किल्ल्यावर जायची. आधी किल्ल्यातल्या छोट्या देवळात हात धुऊन, दोनदा वाकून, दोन टाळ्या वाजवून देवाला जागं करायचं. मग भिंतीच्या कोपऱ्याशी चटई अंथरायची, भाताचे गोळे नि गोड अंड्याच्या वड्या खायच्या. उतरताना खालच्या बौद्ध मंदिरात पूर्वजांच्या थडग्यावर पाणी घालून घरी यायचं. आणि निघण्याआधी त्या कोपऱ्यात एक फोटो काढायचाच.

"ही कोण, माहितीये?" आजोबांनी बोट ठेवलं.

"हात्सुए आजी. देव्हाऱ्यातल्या फोटोतली."

"देव्हाऱ्यातला फोटो खोटा. त्यात ती गप्प बसलीये." आजोबा हसले. "ही बघ, इथे बोलतेय. फोटो काढायच्या वेळी हिचं तोंड कधी मिटलं नाही. आणि उभी कुठे राहायची? कायम एकाच दगडापाशी. दुपारपर्यंत तो उन्हाने तापायचा. 'ही माझी पाठशेकणी,' म्हणायची. 'तुमच्या बसच्या सीटपेक्षा बरी.' पाठ लावून उभी राहिली की हलायचं नाव नाही. आम्ही सगळे तिच्या दोन्ही बाजूंना."

"आता तो दगड कुठाय?"

आजोबांनी खिडकीतून मैदानाकडे बघितलं. "तिकडेच कुठेतरी. मला एवढंच बघायचंय, तो जागेवर बसलेला. मग मी काही मागणार नाही."

दुसऱ्या दिवशी आजोबा आणि नात दुरुस्तीच्या कचेरीत गेले. तिथे दगडांच्या जागा ठरवणाऱ्या सेगावाबाई होत्या. तरुण होत्या, डोक्यावर पिवळं हेल्मेट, आणि ते काढायची आठवण त्यांना घरातसुद्धा राहत नसावी. त्यांनी भिंग घेतलं आणि एकेक फोटो निरखायला सुरुवात केली. पहिला बाजूला ठेवला. दुसरा ठेवला. मग त्यांच्या ओठांचे कोपरे हलायला लागले.

"आजोबा, रागावणार नसाल तर एक सांगू?"

"सांगा की."

"तुमच्या घरात सगळ्यांची डोकी फार मोठी आहेत हो. भिंतीचा एक दगड दिसू देतील तर शपथ!"

खरंच होतं ते. प्रत्येक फोटोत माणसं अशी चिकटून उभी होती की मधून उजेडही गेला नसता.

"त्याला मी काय करणार?" आजोबा म्हणाले. "जन्मभर बसमध्ये ओरडत आलो, आत सरका, आत सरका, फटी ठेवू नका. घरच्यांनाही तेच ओरडायचो. शिवाय फोटो माणसांचा काढायचा की दगडांचा? दगड कुठे पळून चाललेत, असं वाटायचं तेव्हा."

सेगावाबाई त्यांना मैदानावर घेऊन गेल्या. आजोबा गवतातून हळूहळू चालत राहिले आणि एका दगडापाशी थांबले. दगडावर एक फिकट तिरकी रेघ होती. त्यांनी वाकून त्यावर तळहात ठेवला, आजारी माणसाच्या कपाळावर ठेवावा तसा.

"हाच."

"नक्की?"

"बाई, तुमच्या आईची खुर्ची तुम्ही ओळखाल की नाही?"

"ओळखेन. पण आजोबा, दगड तोच आहे हे मी मानलं तरी तो भिंतीत कुठे होता? कितव्या थरात? कोपऱ्यापासून किती आत? उभा की आडवा?"

"तिच्या पाठीमागे!"

"आणि त्या कुठे उभ्या असायच्या?"

"त्याच्यापुढे!"

कोझुएला हसू आलं. सेगावाबाईंनाही आलं, पण त्या लगेच गंभीर झाल्या. "गेल्या महिन्यात एक आजी आल्या होत्या. त्यांना त्यांच्या यजमानांचा दगड अगदी वरच्या थरात हवा होता, कारण यजमान उंच होते. आठवणीवर भिंत बांधली तर ती गावाच्या मनातली भिंत होईल, जुनी नाही. मला चित्र हवं. त्या दगडाचं, शेजाऱ्यांसकट. उन्हाळा संपेपर्यंत मिळालं तर ठीक. नाहीतर त्या जागी नवा दगड घडवून बसवावा लागेल."

"आणि हा?"

"हा इथेच राहील. गवतात."

दोघं घरी निघाली. वळणावर आजोबांचे हात हलले नाहीत.

संध्याकाळी कोझुए डबा पुढ्यात घेऊन बसली. तिने सगळे फोटो वर्षांप्रमाणे लावले. तिचे बाबा लहान होते तो, मासुओ काका शाळेच्या गणवेशात होता तो, काकाचं लग्न झालं त्या वर्षीचा. लावता लावता ती थांबली.

"आजोबा, यात मी कुठेच नाही."

"तू लहान होतीस."

"पण आई म्हणते मी एकदा गेले होते. पिवळी टोपी घालून. आईच्या कडेवर. टोपी उडाली आणि काका खंदकापर्यंत पळत गेला."

आजोबांनी चहाचा पेला खाली ठेवला. स्वयंपाकघरातून आईचा हात बाहेर आला आणि तिने कोझुएला गप्प राहायची खूण केली. पण कोझुए दहा वर्षांची होती, आणि दहाव्या वर्षी अशा खुणा दिसत नाहीत.

"तो फोटो कुठाय?"

मग आजोबा उठले, देव्हाऱ्यासमोर बसले, उदबत्त्यांचा खण पूर्ण बाहेर ओढला आणि अगदी मागून एक पाकीट काढलं. ते त्यांनी कोझुएच्या हातात दिलं आणि स्वतः दुसरीकडे बघत बसले.

फोटोत पिवळी टोपी होती. टोपीखाली रडवेला चेहरा होता. मासुओ काका होता, काकी होती, आई-बाबा होते. एका टोकाला आजोबा. आणि त्यांच्या नि काकाच्या मध्ये एक माणूस मावेल एवढी मोकळी जागा.

"ती थंडीत गेली," आजोबा म्हणाले. "आम्ही वसंतात गेलो, दरवर्षीसारखं. उभे राहिलो, दरवर्षीसारखं. कोणी ठरवलं नव्हतं. एका परक्या माणसाच्या हाती कॅमेरा दिला होता. तो म्हणाला, 'अहो काका, जरा जवळ सरका, मध्ये फट दिसतेय.' मी! ज्याने सगळ्या गावाला आत सरकवलं, त्या मला पाऊल हलवेना. तो बिचारा दोनदा म्हणाला. मग त्याने तसाच काढला." त्यांनी खण परत आत ढकलला. "तो फोटो मी एकदाच पाहिलाय. त्यात ती नाहीये, एवढंच आहे त्यात."

कोझुएने फोटो दिव्याजवळ नेला. मग अगदी नाकाशी.

"आजोबा."

"ठेवून दे बाळ."

"आजोबा, रेघ!"

"कसली रेघ?"

"दगडावरची. तिरकी. ही बघा ना! इथे, तुमच्या खांद्याशेजारी. शेकणी दिसतेय, सगळीच्या सगळी. तिच्या खालचा पण दिसतोय, वरचे दोन पण!"

आजोबांनी चष्मा शोधला. तो त्यांच्या डोक्यावरच होता. त्यांनी फोटो घेतला आणि या खेपेला त्या मोकळ्या जागेकडे डोळे भरून पाहिलं. उन्हात तापलेला दगड, त्यावर चेरीची एक पाकळी चिकटलेली. ती तिथे असती तर हे काहीच दिसलं नसतं.

"इतकी वर्षं मला वाटलं," ते हळूच म्हणाले, "इथे काहीच नाही."

आई दारात येऊन उभी राहिली होती. तिने हातातल्या भांडी पुसायच्या फडक्याने डोळे पुसले आणि म्हणाली, "बाबा, द्यायचा का कचेरीत?"

"तिथे तो भिंतीवर लावतील. येणारा जाणारा बघेल. विचारेल, ही फट कसली?"

"मग सांगतील सेगावाबाई," कोझुए म्हणाली, "की इथे आजी उभी राहते."

आजोबांनी तिच्याकडे बघितलं. "राहायची" असं दुरुस्त करायला त्यांनी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. सकाळी त्यांनी चांगला कोट घातला. पाकीट मात्र कोझुएच्या हातात दिलं. म्हणाले, "तू दे. माझ्या हातून सुटायचं नाही ते."

सेगावाबाईंनी फोटोवर भिंग धरलं. फट कसली, असं त्यांनी विचारलं नाही. उलट त्यांनी डोक्यावरचं हेल्मेट काढलं आणि त्या दोघांसमोर चांगल्या खाली वाकल्या. कोझुएने त्यांचे केस पहिल्यांदाच बघितले.

दगड बसवायला वेळ लागतो. एक दगड उचलायचा, टेकवायचा, मागे जाऊन बघायचा, पुन्हा उचलायचा. आग्नेय कोपरा पुरा व्हायला पुढचा वसंत उजाडला. त्याभोवतीची दोरी सोडली त्या रविवारी आजोबांनी सगळ्यांना गोळा केलं. मासुओ काका दुसऱ्या शहरातून आला. देवळात टाळ्या वाजल्या. चटई अंथरली गेली. काकीने अंड्याच्या वड्या केल्या होत्या आणि त्या आजीच्या वड्यांइतक्या गोड नाहीत हे सगळ्यांनी तिला आवर्जून सांगितलं.

"पुढच्या वर्षी तुम्हीच करून आणा," काकी म्हणाली. "मी इथे बसून नावं ठेवीन. हे काम सोपं दिसतंय."

मग फोटोची वेळ झाली. शेजारच्या चटईवरच्या एका मुलाच्या हाती कॅमेरा दिला. आजोबा भिंतीशी गेले. फिकट रेघेचा दगड आपल्या जागी होता, खाली तोच, वर तेच दोघे. आजोबांनी पाठीमागे हात नेऊन त्यावर फिरवला. तो तापला होता.

सगळे आपापल्या जागी उभे राहिले. मध्ये पुन्हा तेवढीच जागा राहिली.

आजोबांनी घसा खाकरला. "कोझुए, ये. तू उभी राहा इथे. पाठ लाव."

कोझुए त्या जागेवर गेली. तिने दगडाला पाठ लावली. कोटातूनही ऊब आत आली आणि तिला जरा हसूच आलं. मग तिने मान वळवून मागे बघितलं. आपलं डोकं दगडाच्या बरोबर मधोमध येत होतं, रेघ झाकून.

ती बाजूला झाली. आजोबांचा हात धरून त्यांना दोन पावलं पुढे आणलं आणि खाली गवतात बसवलं. काकाला बसवलं. आई-बाबांना बसवलं. काकी म्हणाली, "अगं, नवी पँट आहे माझी," तर तिलाही खांदे दाबून बसवलं. सगळे बसल्यावर ती कॅमेऱ्यापाशी धावत गेली, त्या मुलाच्या खांद्यावरून वाकून बघितलं, आणि परत येऊन ओरडली,

"आजोबा, टोपी काढा. खालचा दगड दिसत नाहीये."

आजोबांनी टोपी काढली. मग कोझुए त्यांच्या शेजारी मांडी घालून बसली आणि जमेल तेवढी मान खाली घातली.