फर्स्ट क्लासची बेकरी

स्टेशनाला लागून असलेली आपली दगडी बेकरी म्हणजे एके काळची फर्स्ट क्लासची वेटिंग रूम, असं बेकरीवाला प्रत्येक गिऱ्हाइकाला पावाबरोबर फुकट सांगायचा. गाव रेल्वेमुळेच वसलेलं. आधी रूळ आले, मग स्टेशन, मग माणसं. त्यामुळे जुनं म्हणून जे काही होतं ते रेल्वेचंच: पाण्याची टाकी, मालाचं गोदाम, गार्डांची बैठी घरं आणि ही बेकरी.

"खिडक्या एवढ्या उंच का हो?" कुणीतरी विचारायचं.

"आत साहेबांच्या मडमा बसायच्या. बाहेरच्यांची नजर पडायला नको."

"आणि भिंतीलगतची ही दगडी पन्हळ?"

"बूट धुवायला. चिखल किती असायचा तेव्हा!"

"भिंतीकडे तोंड करून बूट धुवायचे वाटतं," बायको पीठ मळता मळता पुटपुटायची. पण घरच्या माणसाचं ऐकतो कोण?

गावात एक इतिहास मंडळ होतं. चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या बाई त्याच्या अध्यक्ष. टाकीला आणि गोदामाला त्यांनी पितळी पाट्या लावल्यावर बेकरीवाल्याच्या पोटात दुखू लागलं. तो रोज बाईंच्या दारात उभा राहू लागला. शेवटी बाई म्हणाल्या, "आधी दर्शनी भिंतीचा गिलावा काढा. मूळ दगड बघू, मग ठरवू."

बेकरीवाल्याने गवंडीकाम करणाऱ्या मेहुण्याला बोलावलं. शिवाय कौतुक बघायला अर्धं गाव. मेहुणा छिन्नी चालवू लागला, तशी दगडात कोरलेली अक्षरं उघडी पडू लागली.

"पु... रु... षां... साठी," बाईंनी वाचलं.

"बघा!" बेकरीवाला ओरडला. "पुरुषांची वेटिंग रूम! मडमांची वेगळी असणार."

"खाली अजून एक ओळ आहे, दाजी," मेहुणा म्हणाला.

"काढ की मग!"

मेहुण्याने काढली. 'वापरानंतर पाणी ओतावे.'

मग समोरचा न्हावी खुसकन हसला आणि गर्दीचा बांध फुटला. बेकरीवाल्याचा चेहरा न भाजलेल्या पावासारखा झाला. "बुजव! आत्ताच्या आत्ता बुजव!" असं मेहुण्यावर खेकसून तो आत गेला आणि पिठाच्या पोत्यांमागे तोंड लपवून बसला.

बायको मागोमाग आली. "उठा. बाहेर गिऱ्हाइकं उभी आहेत."

"मुतारीतला पाव कोण खाणार गं?"

"कालपर्यंत कोण खात होतं? माझे आईवडील, तुमचे आईवडील, ती न्हाव्याची सासू. मेलं का कुणी? तुमच्या वडिलांनी जागा घेतल्यावर सगळी फरशी उखडून नवी केली, भट्टी बांधली. आता त्यात मुतारीचं उरलंय काय?"

तेवढ्यात बाई आत आल्या. त्यांचे डोळे चमकत होते. "अहो, वेटिंग रूम काय, शेकड्यांनी आहेत. पण त्या काळातली दगडी मुतारी अशी धडधाकट उभी असलेली मी तरी दुसरी पाहिली नाही. पाटी मिळणार तुम्हाला!"

"'प्रवासी विश्रांतिस्थान' असं लिहाल?"

"नाही."

"निदान 'सुविधागृह'?"

"खोटं लिहायला मंडळ कशाला काढलं?"

बेकरीवाला बराच वेळ बोटावरचं पीठ खरवडत बसला. बाहेर बायको पाव बांधून देत होती आणि गिऱ्हाइकं अजूनही फिदीफिदी हसत होती. मात्र रांग सोडून कुणी गेलं नव्हतं. हे त्याने दाराच्या फटीतून नीट पाहून घेतलं.

आठवड्याभरात पाटी लागली. पहिल्याच दिवशी एका परगावच्या प्रवाशाने विचारलं, "इथे खरंच मुतारी होती?"

बेकरीवाल्याने छाती पुढे काढली. "साधी नाही, साहेब. वेटिंग रूममध्ये बसणं ज्याच्या त्याच्या मर्जीवर. इथे मात्र झाडून सगळ्यांना यावंच लागायचं. मोठमोठे अधिकारी या दारात रांगेत उभे राहिलेत, पाय आवळून!"

आत बायकोने कपाळावर हात मारला. पिठाचा हात होता. कपाळ पांढरंफटक झालं.