लाल लालला, काळी काळीला

साहेबांचं सगळं आयुष्य दुसऱ्यांचे वजनकाटे तपासण्यात गेलं. वजनमाप खात्यातले निरीक्षक होते. दुकानात शिरायचं, पिशवीतली प्रमाणित वजनं काढायची आणि दुकानदाराला घाम फोडायचा. पाच ग्रॅमची काटामारी त्यांना दारातूनच दिसायची म्हणे. निवृत्त झाले तरी भाजी घेताना त्यांची नजर काट्यावरच असायची.

या गृहस्थांनी अकरा वर्षांपूर्वी हौसेनं भारीतली म्युझिक सिस्टिम घेतली. तारा स्वतःच्या हातानं जोडल्या, कुणाला जवळ फिरकू दिलं नाही. पहिली रेकॉर्ड लागली तेव्हा बायको शेजारच्या खुर्चीत येऊन बसली. लग्न झाल्यापासून दोघं रोज संध्याकाळी एका डबड्या रेडिओवर गाणी ऐकायची, संसारातली चैन काय ती तेवढीच. दोन मिनिटांत ती म्हणाली, “अहो, बाई गातेय खरी, पण उभी कुठे आहे? डोकं गरगरतंय माझं.”

“तुला सवय नाही,” साहेब म्हणाले.

झालं. बायकोनं रेडिओ उचलला आणि स्वयंपाकघरात नेला. ती खुर्ची अकरा वर्षं रिकामी राहिली. साहेबांना ते फार लागलं होतं, पण बोलणार कोण? आधी आवाज असा करू की ती आपण होऊन येऊन बसली पाहिजे, असं त्यांनी मनाशी ठरवलं आणि कामाला लागले.

सोफा गेला. कपाट गेलं. खाली जाड सतरंजी आली, आरशावर चादर चढली. स्पीकरच्या लोखंडी स्टँडमध्ये वाळू भरली. स्पीकर बोटभर पुढे, बोटभर मागे, फरशीवर खडूच्या खुणा. येणारेजाणारे विचारायचे, “घर बदलताय का?” एवढं करून गाणारी बाई जी हवेत विरघळलेली होती ती होतीच. मग साहेबांनी त्या विरघळण्याचंच शास्त्र तयार केलं. त्याला नाव दिलं ‘विस्तार’. “आवाज एका जागी सापडला तर तो आवाज कसला? तो पत्ता झाला,” असं ते म्हणायचे.

असं काही ठणकावून बोललं की शिष्य मिळतातच. एक दातांचे डॉक्टर, एक छापखानेवाले. दोघंही त्यांना गुरुजी म्हणायचे आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी पाच वाजता ऐकायला यायचे. हा विस्तार आपल्या घरी का येत नाही या काळजीनं डॉक्टरांनी बायकोची काचेची शोकेस विकली होती. छापखानेवाल्यांनी तर मधली भिंतच पाडली. तरी त्यांच्याकडची बाई आपली मधोमध उभी राहून गायची, बेटी हलायलाच तयार नाही.

अशाच एका रविवारी साहेब वखारीतून चार लाकडी ठोकळे घेऊन आले. प्लेयरखाली ठोकळे सारले, रेकॉर्ड लावली आणि तोंड उघडं ते उघडंच राहिलं. बाई आली होती! दोन स्पीकरच्या बरोबर मध्ये, हातभर अंतरावर. तिचा श्वास ऐकू येत होता.

“ठोकळे!” साहेब ओरडले. “अगं, ठोकळ्यांनी काम केलं!”

बायको धुतलेले कपडे हातात घेऊन दारात आली. ऐकत राहिली. मग कपड्यांचा ढीग मांडीवर घेऊन चक्क खुर्चीत बसली आणि घड्या घालता घालता गुणगुणू लागली. साहेबांना भरून आलं. असा आनंद त्यांना बढतीच्या दिवशीसुद्धा झाला नव्हता.

गाणं संपल्यावर ती सहज म्हणाली, “तुम्ही नव्हता तेव्हा फरशी पुसायला डावा स्पीकर सरकवला, तर तारा निघाल्या हो हातात. मग मीच लावल्या. लाल लालला, काळी काळीला. बरोबर ना?”

साहेब मागे जाऊन वाकले. डाव्या स्पीकरला लाल तार लाल खुंटीवर होती आणि काळी काळीवर. त्यांच्या लक्षात आलं, आपण जोडल्यापासून अकरा वर्षं ती उलट होती. एक स्पीकर हवा पुढे ढकलत होता तेव्हा दुसरा मागे ओढत होता. कुठल्याही दुकानातला पोऱ्या हे सांगू शकला असता, पण साहेबांनी सगळं जग तपासलं आणि स्वतःचं काम तेवढं तपासलं नाही.

“बरोबर,” ते कसेबसे म्हणाले. तेवढ्यात बेल वाजली.

शिष्य स्थानापन्न झाले. बायको उठली नाही, तिला आणखी एक गाणं ऐकायचं होतं. रेकॉर्ड लागली. डॉक्टरांनी कपाळाला आठ्या घातल्या.

“गुरुजी, काय बिघडलं हो? बाई एका जागी येऊन बसलीय की!”

“अगदी आमच्या घरच्यासारखं वाजतंय,” छापखानेवाले हळहळले.

बायकोनं साहेबांकडे पाहिलं. सांगा की, असं तिच्या डोळ्यांत स्वच्छ लिहिलं होतं. साहेबांना दिसली ती विकलेली शोकेस, पाडलेली भिंत आणि आपलं गुरुपद.

“कनेक्शन जरा सैल असेल,” असं म्हणून ते मागे गेले आणि आपल्या हातांनी डाव्या स्पीकरच्या तारा उलट्या करून आले. बाई पुन्हा हवेत विरघळली.

“वाहवा! हा विस्तार!” डॉक्टर मांडीवर थाप मारून म्हणाले. मग एकदम पुढे झुकले. “थांबा. मी पाहिलं. लाल तार तुम्ही काळीवर लावलीत. हेच गुपित होय इतकी वर्षं?”

“हो,” साहेब म्हणाले.

बायकोनं अर्ध्या घड्या तशाच उचलल्या आणि आत गेली. शिष्यही चहाला थांबले नाहीत. दोघांना घरी जाऊन तारा उलट्या करायची घाई झाली होती.

ते गेल्याबरोबर साहेबांनी तारा पुन्हा सुलट केल्या आणि रेकॉर्ड लावली. “अगं, ये ना! केलं नीट.”

“मला कशाला ऐकवता?” आतून आवाज आला. “मला माहीतच होतं.”

अर्ध्या तासात डॉक्टरांचा फोन. “गुरुजी, कमाल झाली! विस्तार आला! बायको म्हणते गरगरतंय. म्हटलं, होईल सवय.”

साहेबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. “डॉक्टर, ती चूक आहे हो! अकरा वर्षं माझीच चूक होती. बायको पहिल्या दिवसापासून सांगत होती, मी ऐकलं नाही. तुमच्या तारा आधीच बरोबर होत्या. सुलट करा त्या.”

पलीकडे डॉक्टर खो खो हसले. “काय हा विनय गुरुजी! एवढं मोठं गुपित दिलंत आणि वर श्रेय वहिनींना!” फोन बंद झाला.

साहेब वळले. बायको दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

“हे मघाशी म्हणायचं होतंत,” ती म्हणाली.

गाणं चालू होतं. ते संपेपर्यंत ती दारातच उभी राहिली. खुर्चीत येऊन बसली मात्र नाही.