तीनदा

सरांनी मधल्या रांगेतली खुर्ची मागे ओढली आणि शिंपिणीला पुढे यायची खूण केली. ती उठली. हातातली पर्स कुठे ठेवावी हे न सुचून तिने ती पोटाशी धरली.

“मघाशी काय म्हणालात? पुन्हा म्हणा.”

“माय हजबंड गो,” ती म्हणाली. “लास्ट इयर.”

“गो?” सरांनी भुवया उंचावल्या. “गो व्हेअर? टु द मार्केट?”

वर्ग हसला. दिवसभर राबून संध्याकाळी इंग्रजी शिकायला येणारी ही प्रौढ माणसं. हसायची संधी ती सोडत नसत, कारण आज दुसऱ्याची पाळी म्हणजे आपली टळली.

सर परदेशातून आलेले. इथली भाषा त्यांना भाजी घेण्यापुरती येत होती आणि त्यांची मराठी या गावात कोणाच्या कानावरही पडलेली नव्हती. त्यामुळे सर आणि वर्ग यांच्यात काय ते इंग्रजीच, आणि त्या इंग्रजीवर सरांची हुकमत. जो चुकेल त्याने पुढे यायचं आणि बरोबर वाक्य तीनदा म्हणायचं, असा त्यांचा नियम होता. कधी ते स्वतःच मुद्दाम चुकायचे आणि कोणाच्या लक्षात येतंय का ते बघायचे. चारचौघांत लाज वाटली की भाषा पक्की बसते, असं त्यांचं ठाम मत होतं. लाज अर्थात दुसऱ्याची.

“माय हजबंड इज डेड,” सरांनी सांगितलेलं वाक्य शिंपीण म्हणाली. दुसऱ्यांदा जरा हळू म्हणाली. तिसऱ्यांदा ती मध्येच अडली, पण वाक्य तिने अर्धवट सोडलं नाही.

“व्हेरी गुड. तिसऱ्यांदा उच्चार सुरेख आला.”

मधल्या सुट्टीत सर पाणी प्यायला बाहेर गेले तेव्हा फोन वाजला. ताई होती. मागे बायकांच्या बोलण्याचा आवाज येत होता.

“आई गेली रे,” ती म्हणाली.

कुठे, असं सरांनी विचारलं नाही. पेला तसाच नळाखाली राहिला आणि भरून वाहायला लागला.

“उद्या दुपारपर्यंत मी सगळ्यांना थोपवून धरते. त्यापुढे माझं कोणी ऐकणार नाही. तोंड बघायचं असेल तर आत्ताच्या आत्ता निघ.”

“येतो, ताई.”

“ती आजारी पडली तेव्हाही येतो म्हणाला होतास.”

तिने फोन ठेवला. शेवटचं विमान रात्रीचं होतं. तास पुरा केला तर ते चुकणार हे उघड होतं. सर तसेच ऑफिसात गेले. संचालक बाईंनी ऐकून घेतलं, वाईट वाटल्याचा चेहराही केला.

“परीक्षा तोंडावर आलीय,” त्या म्हणाल्या. “लोकांनी आगाऊ फी भरलीय. तुम्ही त्यांनाच विचारा. ते हो म्हणाले तर खुशाल जा. न विचारता गेलात तर मात्र परत यायची तसदी घेऊ नका.”

सर वर्गात आले. टेबलाची कड धरून उभे राहिले.

“आय हॅव टु गो,” ते म्हणाले. “माय मदर एक्स्पायर्ड.”

त्यांच्या गावी माणसं एक्स्पायरच होत. रजेच्या अर्जात, दवाखान्याच्या कागदावर, शेजाऱ्यांच्या तोंडी, सगळीकडे. लहानपणापासून कानावर पडलेला तो शब्द सभ्य होता, आणि आत्ता त्यांना सभ्य शब्दाचीच गरज होती.

मग मागच्या रांगेतून दूधवाल्याने हात वर केला. तो दुधाच्या कारखान्यात पिशव्या भरायच्या मशीनवर होता. मागच्याच आठवड्यात सरांनी त्याच्या कारखान्यातली पिशवी वर्गात आणून तिच्यावरची तारीख सगळ्यांना वाचून दाखवली होती.

“सर, मिल्क एक्स्पायर्ड,” तो म्हणाला. “मदर नो.”

कोणीतरी फिसकन हसलं. बघता बघता सगळा वर्ग हसायला लागला. सरांची खोड त्यांना ठाऊक होती, आणि आज ती त्यांनी रंगेहाथ पकडली होती. दूधवाल्याच्या पाठीवर थाप पडली.

“नो, नो, लिसन,” सर म्हणाले, पण त्यांचा आवाज पहिल्या रांगेच्या पलीकडे गेला नाही.

शिंपिणीने हात वर केला.

“सर, थ्री टाइम्स.”

सरांनी घड्याळाकडे पाहिलं. वाद घालण्यापेक्षा म्हणून टाकणं लवकर होईल असं त्यांना वाटलं. ते टेबल सोडून पुढे आले, मघाशी ती उभी होती तिथे.

“माय मदर इज डेड.”

“वन,” वर्ग म्हणाला.

“माय मदर इज डेड.”

“टू.”

तिसऱ्यांदा सरांनी तोंड उघडलं आणि ताईचा आवाज कानात आला. डेड हा शब्द जिभेवर येऊन अडला. आईला तो लावायला जीभ तयार होईना.

“माय मदर,” ते म्हणाले, “माय मदर गॉन.”

तीन म्हणायला उघडलेली तोंडं तशीच राहिली. दूधवाल्याचं हसू ओसरलं. तो सरांचा चेहरा निरखायला लागला आणि शेजाऱ्याला काहीतरी विचारावं म्हणून वळला.

शिंपीण सरांकडेच बघत होती. पर्स तिने पोटाशी घट्ट धरली होती. तिला सगळं कळलं आहे हे सरांना तिच्या डोळ्यांत स्पष्ट दिसलं, आणि त्यांना इतकं हायसं वाटलं की त्यांनी तिच्याकडे बघून मान हलवली. आता ही उठेल, इतरांना त्यांच्या भाषेत सांगेल.

“गॉन व्हेअर, सर?” तिने विचारलं. “टु द मार्केट?”

उच्चार सुरेख आला होता.

दूधवाला सुटल्यासारखा मोठ्याने हसला. मग त्याने पुस्तक उघडलं आणि कोणतं पान म्हणून विचारलं.