दुसऱ्याचं डोकं

मी एक जुना शेणकिडा आहे. नाक मुरडू नका, मित्रांनो. आमच्या कुळानं शेण जमिनीत पुरलं नसतं, तर तुमची गुरं चरतात ती कुरणं शेणाखाली कधीच दडपली असती. मला मरून बत्तीस वर्षं झाली, तरी सुट्टी नाही. उजव्या पंखाच्या कवचातून टाचणी आरपार गेली आहे आणि संग्रहालयाच्या खणात मी नुसता टांगून आहे. थकलोय.

मला पकडलं या संग्रहालयातल्या बाईंनी. नव्या जातीचे किडे शोधायचे, त्यांचं वर्णन लिहायचं, कोण कुठल्या कुळातला ते ठरवायचं, हे त्यांचं काम. "एवढी शिकलीस ती शेण चिवडायला?" असं थोरला भाऊ तोंडावर म्हणायचा. बाजूनं होती ती फक्त आई. तिनं लहानपणी किडे ठेवायला औषधाची रिकामी बाटली धुऊन दिली होती. "ठेव यात तुझी पिल्लावळ," म्हणाली होती.

किडे टाचायचं काम बाईंचे मदतनीस मामा यांच्याकडे. वाळलेला किडा आधी ओल्या वाळूवर ठेवून नरम करायचा असतो. त्या दिवशी मामांनी घाई केली. टक्‌ झालं. माझं डोकं तुटून फरशीवर घरंगळलं, ते सापडलंच नाही. मामांनी मोडक्या किड्यांच्या डबीतून दुसऱ्याचं डोकं उचललं आणि डिंकाच्या थेंबानं मला चिकटवलं.

"डोकं ते डोकं," ते पुटपुटले.

त्या डोक्यावर वाकडं शिंग होतं. बाईंनी मला सूक्ष्मदर्शकाखाली धरलं आणि ओरडल्याच, "मामा, धावा! अशा पाठीवर असं शिंग कुणीच पाहिलेलं नाही. नवी जात!"

मामांनी तोंड उघडलं. बाईंचा चेहरा पाहिला आणि मिटलं.

बाईंनी चौदा पानी वर्णन लिहिलं. जातीला आईचं नाव दिलं. आई अंथरुणाला खिळली होती, तिनं ते छापलेलं नाव बोट फिरवून वाचलं. मला लाल चिठ्ठी लागली, नव्या जातीचा पहिला नमुना म्हणून. पाहुणे आले की मला बाहेर काढत. परक्या डोक्याचं कौतुक मी वीस वर्षं ऐकलं. टाचणीवरचा किडा बोलणार काय?

मग माझ्याच कुरणातून ताज्या किड्यांची पेटी आली. सगळ्यांची पाठ माझ्यासारखी, शिंग एकालाही नाही. बाईंनी मला उलटं करून मान पाहिली. डिंक दिसला.

"मामा, हे डोकं कुणाचं?"

मामा खाली बसले. "तुम्ही इतक्या आनंदात होता, बाई. मग आईंचं नाव लागलं. आता कुठल्या तोंडानं सांगणार? राहू द्या. कोण बघतंय?"

"मी बघितलं ना."

त्यांनी लाल चिठ्ठी काढली. आईचं नाव स्वतःच्या पेनानं खोडलं. छापून कळवलं, 'अशी जात नाही. मी शिंग पाहिलं, मान पाहिली नाही. चूक माझी.' मामांचा उल्लेख कुठेच केला नाही. भाऊ हसला असेल. हसू दे.

आता बाई आणि मामा दोघंही निवृत्त झाले. बाहेर भिंतीवर किड्याचं हातभर रंगीत चित्र आहे, त्यापुढे साहेब लोक फोटो काढतात. आमच्या खणातली डांबरगोळी संपून तीन वर्षं झाली. केसाळ अळ्या आम्हाला आतून पोखरतायत. किल्ली कुणाकडे आहे, हेसुद्धा कुणाला ठाऊक नाही. लाजा कशा वाटत नाहीत?

माझं सोडा, मी खोटा. शेजारचे खरे आहेत. त्यांचं पीठ झालं, तर उद्या नवा किडा कशाशी ताडून बघाल?

मित्रांनो, मोठे झालात आणि किल्ली हातात आली, तर एवढी एक डांबरगोळी टाका. आणि हातून काही तुटलं, तर त्याच दिवशी सांगा. बोलणी खावी लागतील, खा. वीस वर्षांनी सांगितलं, की कुणा लेकीला स्वतःच्या आईचं नाव खोडावं लागतं.