पिवळं पान दिसता कामा नये

मी मीटिंग रूमच्या कोपऱ्यातलं रबराचं झाड बोलतोय. दचकू नका. या खोलीतल्या खुर्च्या नुसत्या कुरकुरतात, बोलणारा मी एकटाच आहे. आणि माझंही कुणाच्या कानावर जात नाही, ही खरी अडचण.

झाडवाल्या ताईंनी माझ्या आईची एक फांदी कापली, पांढरा चीक फडक्याने टिपला आणि मला काळ्या पिशवीतल्या मातीत खोचलं, तो माझा जन्म. त्यांची रोपवाटिका म्हणजे घरामागचा पत्र्याचा आडोसा. पण तिथे ऊन होतं, वारा होता, अंगावर येऊन बसणारी पाखरं होती. माझी जाड, रुंद पानं पाहून ताईंचे थोरले भाऊ मला ‘पैलवान’ म्हणू लागले. नाव ऐकून मी जरा फुगलोच.

ताई झाडं भाड्याने देतात. ऑफिसात नेऊन ठेवायची, त्यांची निगा राखायची आणि महिन्याला पैसे घ्यायचे, असा धंदा. ते थोरले भाऊ, म्हणजे दादा, टेम्पो चालवतात. त्याच टेम्पोतून एक दिवस मी या जाहिरातींच्या ऑफिसात आलो.

इथली खिडकी उघडत नाही. एसीचा झोत थेट माझ्या मानेवर येतो. माझी कुंडी पांढरीशुभ्र, चकचकीत. येणारा जाणारा म्हणतो, काय सुरेख आहे. सुरेख असेल बाहेरून. आत मुळं पुढे सरकली की भिंत, वळली की पुन्हा भिंत. आता ती स्वतःभोवतीच वेटोळं घालून बसली आहेत.

तरी दिवस बरे जात होते, ते ताईंमुळे. त्यांना वडिलांनी एक रीत घालून दिली होती: गिऱ्हाइकाला पिवळं पान दिसता कामा नये. म्हणून त्या ऑफिस उघडायच्या आधी यायच्या. बोटाने माती चाचपायच्या, लागेल तेवढंच पाणी घालायच्या, एकेक पान ओल्या फडक्याने दोन्ही बाजूंनी पुसायच्या. पिवळं पान दिसलं की खुडून खिशात. लोक यायच्या आत पसार. जाताना फरशीवरचा पाण्याचा थेंबसुद्धा पुसून जायच्या.

त्यामुळे झालं काय, की सगळ्यांना वाटायचं मी आपोआप वाढतोय. “फार गुणी झाड, काही करावंच लागत नाही,” असं रिसेप्शनवरची मुलगी पाहुण्यांना कौतुकाने सांगायची. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. अगं, काही करावं लागत नाही? ती बाई कंबर धरून उठते इथून!

मग मंदी आली. मला ती खुर्च्यांवरून कळली. पूर्वी मीटिंगला बसायला जागा पुरायची नाही, आता खुर्च्यांवर धूळ बसू लागली. जे येत ते म्हणत, यंदा जाहिरात राहू द्या, हात आखडता घ्यावा लागतोय. आमचे मालक मोठे बोलघेवडे. ते जीव तोडून समजावायचे, “बंद केल्याचा फरक उद्या दिसणार नाही. दिसेल तेव्हा उशीर झालेला असेल. आज सगळं ठीक चाललंय असं वाटतंय ना, ते आम्ही काम करतोय म्हणून.” ऐकून ऐकून मला हे तोंडपाठ झालं.

अशातच एक दिवस त्यांनी ताईंना बोलावून घेतलं. त्याच खुर्चीत बसून म्हणाले, “तुमच्या कामाबद्दल तक्रार नाही हो. पण झाडं काय, ती आपली वाढतातच. महिनाअखेरीला बघू ठेवायचं की नाही ते.”

ताई नुसतं “बरं” म्हणाल्या. मी आतल्या आत तडफडलो. बाई, त्यांचंच वाक्य त्यांना ऐकवा की! पण त्यांनी ते कधी ऐकलंच नव्हतं. लोक यायच्या आत निघून जाणाऱ्या बाईच्या कानावर ते पडणार कसं? मला येत होतं, तर मला तोंड नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दादाही ताईंबरोबर आले. त्यांनी तोड काढली होती. काही आठवडे इकडे फिरकायचंच नाही. झाडं माना टाकतील, मग मालक स्वतःच फोन करतील.

“तहानेने मारू त्याला?” ताई म्हणाल्या.

“पैलवान आहे तो, मरत नाही. जरा सुकला तरी आपलं काम होईल.”

ताईंनी माझ्या पानावर हात ठेवला. बाकीच्या ऑफिसांनी केव्हाच नकार दिलाय, हे एकच उरलंय, हेही गेलं तर टेम्पो विकावा लागेल, असं त्या मला सांगत होत्या की स्वतःला, कोण जाणे. “थोडं सोस रे,” एवढं मात्र माझ्यासाठी होतं.

मी ठरवलं, आपण पानं गाळायची. बदाबदा गाळायची. पण ठरवून पान गळतं होय! इतक्या वर्षांच्या निगराणीने अंगात एवढा दम साठला होता, की माती कोरडीठाक झाली तरी मी आपला ताठ उभा. महिनाअखेरीला मालक आले, माझ्या पानावर टिचकी मारून हसले. “पाहिलंत? कोणी फिरकलं नाही, तरी कसा ठणठणीत!” आणि त्यांनी ताईंचं काम बंद केलं. ताईंनी मला इतकं नीट सांभाळलं होतं, की माझी तब्येतच त्यांच्याविरुद्ध साक्ष द्यायला उभी राहिली. त्या दिवसाइतका मी स्वतःवर कधी चिडलो नाही.

मला परत न्यायला टेम्पो हवा, आणि टेम्पो तर विकायला काढून दलालाच्या आवारात उभा केलेला. म्हणून मी इथेच राहिलो. मग सगळ्यांना माझा पुळका आला. कोणी बाटलीतलं उरलेलं पाणी ओतायचं, कोणी गार झालेला चहा. मुळांचा जीव गुदमरला, ती कुजायला लागली.

एकदा छत्र्यांचे कारखानदार आले होते. मालकांचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक, आणि तेही काम बंद करायच्या बेतात. मालक नेहमीचं वाक्य बोलत होते. “फरक उद्या दिसणार नाही. दिसेल तेव्हा...” आणि माझं एक पिवळं पान टपकन टेबलावर पडलं.

“या झाडाकडे कोणी बघत नाही वाटतं?” कारखानदारांनी विचारलं.

“एक ताई बघायच्या. आम्ही बंद केलं. तेव्हा तर काहीच फरक...” मालक मध्येच थांबले.

कारखानदारांनी पान उचललं, उलटंपालटं करून पाहिलं आणि खो खो हसले. जाताना त्यांनी जाहिरात चालू ठेवायला सांगितलं. मालकांनी तिथूनच ताईंना फोन लावला.

टेम्पोला अजून गिऱ्हाईक मिळालं नव्हतं, तो वाचला. ताई आल्या, पहिल्यांदाच भर दिवसा, सगळ्यांसमोर. कुजकी मुळं कापली, माती बदलली. मग म्हणाल्या, “साहेब, काही महिने याला घरी नेते. उन्हात सुधारेल.”

घरी! माझ्या शेंड्यापर्यंत शिरशिरी गेली.

“छे छे, हा इथेच हवा,” मालक म्हणाले. “आणि ताई, दोन-तीन पिवळी पानं राहू द्या हं. गिऱ्हाइकांना दाखवायला उपयोगी पडतात.”

ताईंचा हात तेव्हा पिवळ्या पानाच्या देठावरच होता. तो तसाच राहिला. वडिलांची रीत त्यांच्या बोटांत होती, आणि दारात दादा उभे होते. थोड्या वेळाने त्यांनी हात काढून घेतला. “बरं,” म्हणाल्या.

तेव्हापासून मी असा आहे. पुरता बरा नाही, आजारीही नाही. मालक माझ्याकडे बोट दाखवून भाषण देतात, आणि ते लागू पडतं म्हणे. ताईंचं काम टिकलं. रिसेप्शनवरची मुलगी आता त्यांना चहा देते. त्यांचं भलं झालं याचा मला मनापासून आनंद आहे. पण या कुंडीतून मी आता सुटत नाही, हेही मला कळून चुकलं आहे.

तुमच्याकडे कोपऱ्यात एखादं ठणठणीत झाड असेल, तर त्याला कोण बघतं एवढं एकदा विचारा. पान पडायची वाट बघू नका.

परवा ताई आल्या तेव्हा खोलीत कोणी नव्हतं. त्यांनी सगळी हिरवी पानं पुसली. मग फडकं पुन्हा भिजवून, पिळून, त्यांनी माझं पिवळं पानही पुसलं, दोन्ही बाजूंनी, तितकंच हळुवार. ते एक-दोन दिवसांत गळणार, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.